उपग्रहावरून पिकाचा टप्पा कळतो का? ऊस, सोयाबीन आणि भाताच्या अनुभवावरून

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरच्या करवीर-पन्हाळा भागात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, ३४० सभासद. बहुतेकांचा ऊस, खरिपात सोयाबीन, पन्हाळ्याकडच्या काहींचा भात. वर्षाची वर्गणी भरून तुम्ही एक अ‍ॅप घेतलंय. ते उपग्रहाच्या चित्रांवरून दर आठवड्याला प्रत्येक प्लॉटचा टप्पा कळवतं. ऑक्टोबरपासून निम्म्याहून जास्त उसाला 'जोमदार वाढ' हा एकच शेरा येतोय. त्यात दोन सभासदांच्या तीन महिन्यांच्या अडसाली (जुलैच्या आसपास केलेल्या) ऊसलागणीला 'पीक काढणी झाली' असा मेसेज गेला. सभासद हसले, संचालक चिडले. आता जानेवारीत तुम्ही विचारताय की एनडीव्हीआय (चित्रावरून काढलेला पानाच्या हिरवेपणाचा आकडा) सोडून दुसरा कुठला निर्देशांक घेतला तर टप्पा नेमका कळेल.

निर्देशांक बदलून हे सुटणार नाही. मुळात उपग्रहाला टप्पा दिसतच नाही, त्याला पान दिसतं. जमीन किती झाकली, पान किती हिरवं, किती ओलं, एवढंच. उसाला कांडी सुटते ती पाचटाच्या आत. सोयाबीनचं फूल पानाच्या बेचक्यात लपलेलं असतं, शेजारून चालत गेलात तरी वाकल्याशिवाय दिसत नाही. भात पोटरीत आला हे तर शेतकरी ताट चिमटीत दाबून बघतो. उपग्रहाच्या ७८६ किलोमीटर उंचीवरून यातलं काहीच दिसत नाही. आपण पानाच्या चढउताराची रेघ काढतो आणि तिच्यावरून टप्प्याचा अंदाज बांधतो. अंदाज बांधायला रेघेखेरीज आणखी दोन-तीन गोष्टी लागतात, आणि अ‍ॅपकडे नेमक्या त्याच नाहीत.

हे तुमच्याकडे कितपत जमेल ते प्लॉट केवढा आहे, महिना कोणता आहे आणि लागणीची तारीख कितपत खरी आहे, यावर ठरेल. तिन्हीबद्दल सांगतो.

प्लॉटपासून सुरू करू. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचे लाल आणि निकट-अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) पट्टे १० मीटरचे, म्हणजे चित्रातला एक ठिपका, पिक्सेल, १० मीटरचा. १० मीटर म्हणजे जवळजवळ ३३ फूट, आणि ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे आपला गुंठा. एक पिक्सेल, एक गुंठा. युरोपातल्या लोकांनी आपला सातबारा बघून हे ठरवलं नसणार, पण जमलंय खरं. याच मापाने लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल नऊ गुंठ्यांचा, आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेपाच गुंठ्यांचा, अ‍ॅविफ्सचा एकतीस गुंठ्यांचा आणि मोडिसचा २५० मीटरचा पिक्सेल पंधरा एकरांचा. जिल्ह्यात ऊस किती, भात किती हे काढायला मोठे पिक्सेल उत्तम चालतात. दिल्लीचं महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र २०१२ पासून अशाच प्रकारचं काम करतं. पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तुमचा वेगळा. तुम्हाला एका सभासदाची एक पट्टी बघायची आहे.

आता ती पट्टी डोळ्यांसमोर आणा. नदीकडेच्या गावात भावाभावांत वाटण्या होऊन वीस गुंठ्यांचा डाग साधारण ६६ फूट रुंद आणि ३३० फूट लांब उरतो. कागदावर दोन पिक्सेल रुंद, दहा पिक्सेल लांब, म्हणजे वीस पिक्सेल. प्रत्यक्षात उपग्रहाची चौकट तुमच्या बांधाला समांतर पडत नाही. कडेच्या प्रत्येक पिक्सेलात थोडा शेजाऱ्याचा ऊस, थोडी पाणंद, बांधावरचं एखादं नारळाचं झाड येतं. निव्वळ तुमच्या सभासदाचे असे पिक्सेल पाच-सहा मिळाले तरी नशीब. आणि तुम्ही ज्या 'दुसऱ्या निर्देशांका'ची चौकशी करताय, त्यांतल्या बऱ्याच निर्देशांकांना रेड-एज (लाल आणि निकट-अवरक्ताच्या सीमेवरचा) किंवा लघु-अवरक्त (त्याहून लांब लहरीचा) पट्टा लागतो. ते पट्टे २० मीटरचे आहेत, म्हणजे चार गुंठ्यांचा एक पिक्सेल. त्या पट्टीत असा निव्वळ पिक्सेल एकही बसेल याची खात्री नाही. अ‍ॅपमधला नकाशा गुळगुळीत, रंगांच्या छटा असलेला दिसतो, कारण तो संगणकाने घासूनपुसून दाखवलेला असतो. माहिती तेवढीच असते.

मी पाळतो तो नियम साधा आहे. बांधापासून पाच मीटर आत हद्द धरायची. तेवढं सोडून किमान सहा पूर्ण पिक्सेल उरले नाहीत तर त्या प्लॉटला स्वतंत्र शेरा द्यायचाच नाही. शेजारच्यांची लागण एकाच आठवड्यातली असेल तर प्लॉट एकत्र करून बघायचे. आणि हद्द गट नंबरवरून घेऊ नका. एका गटात चार भावांचे चार डाग असतात, एकाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेला ऊस), एकाची लागण, एकाचं शाळू. बांधावरून मोबाइल घेऊन चालत जाऊन हद्द काढायची. मोबाइलची जागा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होतेच, म्हणून तर पाच मीटर आत.

आता उसाची रेघ. अंतर साडेचार फूट, लागण साध्या टिपरीची (उसाच्या तुकड्याची) धरू. माझ्याकडच्या प्लॉटमध्ये मोकळ्या रानाचा एनडीव्हीआय ०.१५ ते ०.२ असतो. उगवण होऊन महिना-दीड महिना झाला तरी रेघ जेमतेम हलते, कारण दोन ओळींत साडेचार फूट माती उघडी आहे. फुटवे फुटायला लागले की ती ०.३ वरून ०.६ कडे चढते. भरणीच्या (बुडख्याला माती लावण्याच्या) आसपास थोडी थबकते. मग पान पानाला भिडतं, सरी वरून दिसेनाशी होते आणि रेघ ०.८ च्या आसपास जाऊन बसते. तिथून पुढे कित्येक महिने सपाट.

त्या सपाट महिन्यांतच ऊस खरा ऊस होतो. चांगल्या रानात महिन्याला तीन-चार कांड्या पडतात, टनेज तिथेच भरतं. मग रेघ का हलत नाही? एनडीव्हीआय म्हणजे निकट-अवरक्त आणि लाल यांच्या परावर्तनाची वजाबाकी भागिले बेरीज. लाल प्रकाश वरचे दोन-तीन पानांचे थर गिळून टाकतात. तो एकदा ३ टक्क्यांवर आला की आणखी खाली जायला जागाच नाही. समजा लाल ३ टक्के आणि निकट-अवरक्त ४० टक्के, तर उत्तर ०.८६. ऊस वाढला, निकट-अवरक्त ४० वरून ४८ वर गेलं, तरी उत्तर ०.८८. पिकाकडून येणारा प्रकाश पाचव्या हिश्शाने वाढला आणि आकडा हलला फक्त ०.०२. पुसट ढगाच्या झाकेनेसुद्धा याहून जास्त फरक पडतो. म्हणून तुमचं अ‍ॅप 'जोमदार वाढ' म्हणून गप्प बसलंय. ते चुकीचं सांगत नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. रेड-एजचा निर्देशांक इथे थोडा पुढे जातो, कारण ७०५ नॅनोमीटरच्या आसपास पान प्रकाश तेवढा शोषत नाही आणि आकडा उशिरा अडतो. नत्र कमी पडलेला ऊस त्यात लवकर ओळखू येतो. पण कांड्या त्यातही मोजता येत नाहीत, आणि पिक्सेल चार गुंठ्यांचा हे आहेच.

'काढणी झाली' या मेसेजबद्दल माझा अंदाज सांगतो. त्या दोघांनी अडसाली लागणीत सोयाबीनचं आंतरपीक घेतलं असणार. जुलैत लागण आणि टोकण, ऑगस्टमध्ये सोयाबीनने सरी झाकली, रेघ झपाट्याने ०.७ वर. ऑक्टोबरात सोयाबीन उपटलं, खाली राहिला विरळ फुटव्यांचा ऊस, रेघ धाडकन ०.३५ वर. वर बसलेल्या प्रोग्रामला ही एका पिकाची पूर्ण कहाणी वाटते: उगवलं, वाढलं, पिकलं, काढलं. मीही सुरुवातीला एका कारखान्याच्या क्षेत्रात असे प्लॉट 'लागण मोडली' म्हणून यादीत घातले होते. तिथला चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा शेतावर फिरणारा माणूस, यादी घेऊन दिवसभर फिरला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, "साहेब, ऊस हाय की जाग्यावर. सोयाबीन गेलं हो बाजारात." तेव्हापासून आंतरपीक आहे का हा रकाना मी लागणीच्या तारखेच्या शेजारीच ठेवतो.

दुसरी चूक मोठी होती, ती अजून टोचते. ऑक्टोबरअखेर एका अडसाली प्लॉटची रेघ हळूहळू उतरायला लागली. पंधरा महिन्यांचा ऊस, पाऊस संपलेला, मी शेरा मारला 'पक्वतेकडे'. तोडणीच्या यादीत तो वर घ्या असंही सुचवलं. चार दिवसांनी सहज त्या बाजूला गेलो होतो म्हणून वाट वाकडी केली. रानात एक आजी वैरण काढत होत्या. मी कशासाठी आलोय ते सांगितल्यावर त्यांनी काही न बोलता एक बेट दोन्ही हातांनी धरून ओढलं. अख्खं बेट हातात आलं. बुडख्याला मुळी नव्हती, आणि खालच्या भुसभुशीत मातीत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या तीन अळ्या. हुमणी. "वरनं पानं बगितलासा, मुळी कोण बगायची?" म्हणाल्या. पान पिवळं पडणं आणि पाणी कमी होणं एवढंच रेघेत दिसतं. ते पक्वतेमुळे आहे, हुमणीमुळे आहे, की मोटर जळून दोन पाळ्या चुकल्यामुळे, हे रेघ सांगत नाही. एक खूण मात्र उपयोगी पडते. पक्वतेने उतरणारा प्लॉट सगळीकडे सारखा उतरतो. हुमणीचा प्लॉट टापूटापूने, ठिपके पडल्यासारखा उतरतो. म्हणून नुसती सरासरी न बघता प्लॉटमधल्या पिक्सेलांत फरक किती वाढला तेही बघा. आणि साखर उतरली का, हे शेवटी हातातल्या ब्रिक्समीटरनेच (रसातली साखर मोजणाऱ्या यंत्राने) ठरवा. शेंड्याचा आणि बुडख्याचा आकडा जवळ आला की ऊस पिकला. त्याला उपग्रहाचा पर्याय मला तरी सापडलेला नाही.

उसात एक गोष्ट उपग्रह निर्विवाद सांगतो, ती म्हणजे तोडणी. ०.७ वरून एका आठवड्यात ०.२, आणि तेही नोव्हेंबर ते मार्च, आभाळ स्वच्छ असताना. पाचट ठेवलं तर प्लॉट फिकट पिवळा दिसतो, पेटवलं तर काळा. तोडणीची तारीख म्हणजे खोडव्याची जन्मतारीख. ती पाच दिवसांच्या फरकाने बसल्या जागी मिळते, कुणाच्या वहीची गरज नाही. तुमच्या सभासदांच्या तोडी आत्ता चालूच असतील. सुरुवात इथूनच करा, कारण इथे चुकायला जागा कमी आहे. खोडव्याची पहिली खतं कधी, पाणी कधी, हा सल्ला तुम्ही याच तारखेवर देऊ शकता, आणि त्याचा उपयोग सभासदाला 'जोमदार वाढ' या शेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता महिन्याचा प्रश्न, म्हणजे ढगांचा. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास आपल्यावरून जातात. जून ते सप्टेंबर त्यांतलं स्वच्छ चित्र किती वेळा मिळतं ते पश्चिमेला गगनबावड्याकडे जाल तसं कमी, पूर्वेला शिरोळकडे जाल तसं थोडं जास्त. सोयाबीनचा तर अख्खा जन्म या ढगांखाली जातो. जूनमध्ये पेरणी, चाळिशीच्या आसपास फुलोरा, शंभर दिवसांत काढणी. फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या काळात तुम्हाला एकदोन चित्रं मिळाली तर मिळाली. मधली रेघ अ‍ॅप अंदाजाने जोडतं आणि ती तितक्याच ठसठशीत रंगात दाखवतं. तुम्ही त्यांना एकच मागणी करा: प्रत्येक शेऱ्याशेजारी शेवटच्या स्वच्छ चित्राची तारीख छापा. ती वीस दिवसांपूर्वीची असेल तर तो शेरा सभासदाला पाठवायचा नाही.

ढगांची आणखी एक खोड आहे. पुसट ढग किंवा ढगाची सावली ढग वगळणाऱ्या प्रोग्रामच्या चाळणीतून निसटते आणि रेघ खाली पडते. पीक गेलं असं वाटतं. त्यावर माझा उपाय गावठी आहे. एकाच दिवशी अख्ख्या शिवाराची रेघ पडली असेल तर तो ढग, आणि एकाचीच पडली असेल तर बांधावर जायचं. तोडणी सोडली तर कुठलीही पडझड सलग दोन स्वच्छ चित्रांत दिसल्याशिवाय मी मान्य करत नाही.

मग सोयाबीनच्या फुलोऱ्याचं काय? तिथे मी उपग्रह बाजूला ठेवतो आणि ऊब मोजतो. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्या, सरासरी काढा, त्यातून सोयाबीनसाठी १० अंश वजा करा. कमाल २९, किमान २१, सरासरी २५, उरले १५. पेरणीपासून हे रोजचे आकडे बेरजेत टाकत जायचं. वाण तोच असेल तर फुलोरा दरवर्षी त्याच बेरजेच्या आसपास येतो, थोडाफार फरक दिवसमानाने पडतो. तुमच्या भागातली बेरीज किती ते पुस्तकातून घेऊ नका. यंदा आठ-दहा प्लॉटमध्ये पहिलं फूल कधी दिसलं ते लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तुमचा स्वतःचा आकडा असेल. उपग्रहाचा उपयोग सोयाबीनला शेवटी होतो. सप्टेंबरअखेर पान पिवळं होऊन गळतं तेव्हा रेघ दोन आठवड्यांत ०.८ वरून ०.३ वर येते, आणि तोवर आभाळही उघडायला लागलेलं असतं. त्यावरून कोणत्या गावात काढणी आधी, मळणीयंत्र आधी कुठे पाठवायचं, हे चांगलं ठरवता येतं. पिवळा मोझॅक झालेलं रानही असंच पिवळं होतं, पण वेळेआधी. शेजाऱ्यांच्या पंधरा दिवस आधी पिवळं झालं तर तो टप्पा नव्हे, रोग समजा.

रडारबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांची साडेपाच सेंटिमीटरची लहर ढगातून आरपार येते. त्यांच्या जोडीतला एक उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला होता, डिसेंबर २०२४ मध्ये नवा सोडला. उसाची झाकण होईपर्यंत रडारची रेघ चांगली चालते, पावसाळ्यात तर तेवढाच आधार. पण रडारच्या चित्रात मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे दाणे असतात, ते घालवायला बऱ्याच पिक्सेलांची सरासरी लागते. दोन एकरांच्या प्लॉटला ठीक, वीस गुंठ्यांच्या पट्टीला नाही. आदल्या रात्री पाऊस पडून माती ओली झाली तरी आकडा चढतो. आणि सकाळच्या फेरीचं चित्र संध्याकाळच्या फेरीच्या चित्राशी कधी जोडू नका, दोन्हींचा कोन वेगळा असतो. दाट उसात ही लहर वरच्या पानांतच अडकते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उसाचा शेंडा पाण्यावर होता तिथे बरंच पाणी या रडारला पाणी म्हणून दिसलंच नाही. ३० जुलै २०२५ ला गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहावर २४ सेंटिमीटरची लांब लहर आहे, ती दाट पिकात जास्त खोल जाते. उसासाठी माझी नजर तिकडे लागली आहे, पण तुमच्या या हंगामाचं काम त्यावर टांगून ठेवू नका.

भाताचं थोडक्यात सांगतो. रोप लागणीच्या आधी चिखलणीचं पाणी साठतं तेव्हा रडारची आणि लघु-अवरक्ताची खूण स्पष्ट मिळते, लागणीचा आठवडा कळतो. पण आपल्या पश्चिम भागात धूळवाफ (पावसाआधी कोरड्या रानात) पेरणीही बरीच होते, तिथे हे पाणी साठतच नाही, खूणही मिळत नाही. शिवाय डोंगरउतारावरची खाचरं चार-पाच गुंठ्यांची, त्यावर कड्याची सावली. पन्हाळ्याच्या त्या सभासदांना मी उपग्रहाचा टप्पा पाठवणं सरळ बंद करीन आणि फोन करीन.

इथवरचं एकत्र धरलं तर: तोडणी आणि सोयाबीनची काढणी उपग्रह चांगली सांगतो, फुटव्यांचा काळ बरा सांगतो, जोमदार वाढीच्या काळात गप्प असतो, फुलोरा आणि साखर सांगत नाही. म्हणून मी त्याला 'कोणता टप्पा' असं विचारणं सोडून दिलं. मी विचारतो, 'सोबत्यांपेक्षा मागे कोण पडलं?'

हे करायचं कसं, ते तुमच्या ३४० सभासदांवरच सांगतो. आधी गट पाडा: पीक, हंगाम, वाण आणि लागणीचा पंधरवडा. म्हणजे को ८६०३२ ची जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातली अडसाली लागण हा एक गट, फुले २६५ ची नोव्हेंबरातली पूर्वहंगामी हा दुसरा. आंतरपीक असलेले वेगळे. प्रत्येक गटातले पाच-सहा प्लॉट साक्षीदार म्हणून निवडा, मोठे, रस्त्यालगतचे, मालक बोलका असलेले. तिथे दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जाऊन ठरलेल्या जागी फोटो काढायचा, दहा बेटांतले फुटवे मोजायचे, कांडी सुटल्यावर पाच उसांच्या कांड्या मोजायच्या. टप्पा ठरवायचा तो या साक्षीदारांवरून. मग पूर्ण गटाची मधली रेघ काढा आणि प्रत्येक सभासदाची रेघ तिच्यावर ठेवा. सभासदाला जाणारा मेसेज असा होईल: 'तुमच्या गटाला आता फुटवे पूर्ण होत आले आहेत, तुमचा प्लॉट साधारण बारा दिवस मागे दिसतो, एकदा बघून घ्या.' यात खोटं काही नाही, आणि त्याने करायचं काय तेही कळतं. रेघ ०.८ वर सपाट झाली की हा 'दिवस मागे'चा हिशेब थांबवा आणि फक्त टापूटापूने उतरणाऱ्या प्लॉटवर लक्ष ठेवा.

या सगळ्याचा पाया लागणीची तारीख आहे, आणि तीच सगळ्यात कच्ची. कारखान्याकडे ऊस नोंदवताना तारीख थोडी मागची सांगायची सवय आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, कारण तोड तारखेच्या क्रमाने येते. मी कुणाला दोष देत नाही, माझ्या सासऱ्यांनीही तेच केलं होतं. पण त्या नोंदीवरून गट पाडलेत तर निम्मे सभासद तुम्हाला मागे पडलेले दिसतील आणि ऊस मात्र झकास असेल. रेघेवरून पडताळा घ्या. नोंद १ जुलैची आणि त्यानंतरच्या स्वच्छ चित्रांत सप्टेंबरपर्यंत रान उघडं दिसत असेल तर त्या सभासदाशी खासगीत बोला. 'कारखान्याची तारीख राहू दे, मला खरी सांगा, मी कुठे दाखवणार नाही' असं म्हटलं की सांगतात. आणि मग ती खरोखर कुठे दाखवू नका.

एक तांत्रिक खड्डा, तुमचा एखादा मुलगा स्वतः चित्रं उतरवून गणित करणार असेल तर. सेंटिनेल-२ च्या फाइलींत २५ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता एनडीव्हीआय काढला तर ४००० आणि ४०० वरून ०.८२ यायच्या ऐवजी ५००० आणि १४०० वरून ०.५६ येतो. जुनी वर्षं आणि नवी वर्षं शेजारी ठेवलीत की वाटतं, २०२२ पासून आख्ख्या जिल्ह्याचा ऊस बिघडला. मी तीन दिवस खतांच्या किमतींना दोष देत बसलो होतो.

आता त्या दोन सभासदांना फोन करा आणि सोयाबीन कोणत्या आठवड्यात काढलं ते विचारा. 'काढणी झाली' हा मेसेज त्याच्या नंतरच्या आठ-दहा दिवसांतला निघाला तर माझा अंदाज बरोबर. त्यांनी आंतरपीकच घेतलं नव्हतं असं निघालं, तर प्लॉटची हद्द आणि जुलैपासूनचे आकडे इथेच टाका, मग ती भानगड वेगळी आहे आणि मला बघायला आवडेल.